अडतीच्या वेब ॲपमध्ये कुठला इंटरफेस पॅटर्न कुठे बसतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नागपूरच्या कळमना बाजारातल्या एका अडत दुकानासाठी आवक, विक्री आणि उधारीचं वेब ॲप बनवताय. टीम तिघांची, काम रिॲक्ट या जावास्क्रिप्ट लायब्ररीवर, डिझायनर कोणी नाही. पॅटर्नच्या, म्हणजे पडद्यावरच्या नेहमीच्या अडचणींवरच्या ठरलेल्या उपायांच्या, याद्या वाचून आवक नोंदीला पाच पायऱ्यांचा विझार्ड (एकेका पानावर थोडं विचारत पुढे नेणारा फॉर्म) लावला, पावत्यांच्या यादीला इन्फिनिट स्क्रोल (खाली सरकवत गेलं की आणखी ओळी येत राहणं), आणि उघडल्याबरोबर डॅशबोर्ड (आकड्यांचा गोषवारा). मुनीमजींनी दोन दिवस वापरलं आणि म्हणाले, यापेक्षा वहीच बरी. पॅटर्न तर सगळे नावाजलेले, मग अडलं कुठे?

आधी विझार्ड काढून टाका. बाकीचं सावकाश वाचा, पण हे आज करा.

पॅटर्न ही कल्पना आपल्याकडे वास्तुरचनेतून आली. ख्रिस्तोफर अलेक्झांडरने घरं आणि गल्ल्यांसाठी पॅटर्न मांडले तेव्हा प्रत्येकात परिस्थिती, त्यातली अडचण आणि मग उपाय, असं सगळं होतं. वेबवरच्या याद्यांमध्ये उपायाचा स्क्रीनशॉट तेवढा उरला, परिस्थिती गळून गेली. विझार्डची परिस्थिती अशी: काम क्वचित करायचं, माणसाला त्याची सवय नाही, आणि एका उत्तरावर पुढचे प्रश्न ठरतात. दुकानाची पहिली मांडणी, म्हणजे फर्मचं नाव, परवाना, मालाचे प्रकार, हमाली-तोलाईचे दर, याला विझार्ड छान बसतो, कारण ते वर्षातून एखाद्‌ वेळी होतं. आवक नोंद हंगामात दिवसाला शंभरावर जाऊ शकते. समजा १२० झाल्या. पाच पायऱ्यांत चार वेळा 'पुढे' दाबायचं, म्हणजे ४८० दाबण्या फुकट, आणि दर वेळी नवी पायरी येईपर्यंतचं थांबणं वेगळं. वर मागच्या पायरीवर काय लिहिलं ते डोळ्यांआड. वहीत सगळी ओळ एका नजरेत दिसते. मुनीमजी नेमकं तेच सांगत होते.

म्हणून आवक नोंद एकाच स्क्रीनवर घ्या, वहीच्या ओळीच्याच क्रमाने: शेतकरी, गाव, माल, नग, वजन, भाव. हमाली, तोलाई, अडत आणि निव्वळ रक्कम खाली आपोआप मोजली जाऊ द्या. दर सेटिंगमधून येऊ द्या, कोडमध्ये लिहून ठेवू नका. मोजलेल्या रकमांना डब्याचा आकार देऊ नका, नाहीतर लोक त्यात टाइप करायला जातात. नोंद सेव्ह झाली की फॉर्म रिकामा व्हावा, फोकस पुन्हा शेतकऱ्याच्या नावावर यावा आणि नुकत्याच झालेल्या चार-पाच नोंदी खाली दिसत राहाव्यात. माल आणि तारीख मात्र पुसू नका. सोयाबीनची गाडी आली की पुढच्या वीस नोंदी सोयाबीनच्याच असतात.

यानंतरची गोष्ट छोटी वाटते, पण ॲप तरेल की बुडेल हे पुष्कळदा तिच्यावर ठरतं: एंटर. टॅली या हिशोबाच्या सॉफ्टवेअरवर हात बसलेला माणूस एंटर दाबून पुढच्या डब्यात जातो. ब्राउझरमध्ये एंटर दाबला की फॉर्म सबमिट होतो. म्हणजे नाव लिहून एंटर मारला की अर्धी नोंद सर्व्हरकडे रवाना, किंवा लाल अक्षरांचा भडिमार. फॉर्मवरच कीडाउन (कळ दाबल्याचा इव्हेंट) पकडा; एंटर आला आणि फोकस साध्या डब्यात असेल तर सबमिट थांबवून पुढच्या डब्यावर न्या, शेवटच्या डब्यावर असेल तर सेव्ह करा. बटणावर आणि टेक्स्टएरियात एंटरला त्याचं काम करू द्या. नावाची यादी उघडी असेल तर पहिला एंटर निवडीसाठी, पुढे जाणं त्यानंतर. आणि एक अपवाद विसरलात तर मराठी टायपिंग मोडेल: फोनेटिक कीबोर्डवर शब्द जुळत असताना दाबलेला एंटर हा शब्द पक्का करण्यासाठी असतो. इव्हेंटवरचं इज-कंपोझिंग खरं असेल तर त्या एंटरला हात लावू नका. फोनवर एंटर-की-हिंट 'नेक्स्ट' दिलं की कीबोर्डवरचं बटणही तसंच बदलतं.

वजनाचा डबा जवळून बघू, कारण पैशाची चूक इथेच होते. १ क्विंटल म्हणजे १०० किलो. मुनीमजी तोंडाने म्हणतात 'बारा क्विंटल पाच किलो' आणि घाईत लिहितात १२.५. तुमचं ॲप वाचतं साडेबारा क्विंटल, म्हणजे १२ क्विंटल ५० किलो. फरक ४५ किलोंचा. भाव ४,८०० रुपये क्विंटल धरला तर एका पावतीत २,१६० रुपयांची चूक, आणि कुठलंही व्हॅलिडेशन, म्हणजे ॲपची आपोआप तपासणी, ती पकडणार नाही, कारण दोन्ही आकडे चालण्यासारखेच आहेत. इथे ठरावीक रचनेचा पॅटर्न वापरा: क्विंटल आणि किलो असे दोन डबे, किलोचा डबा ० ते ९९ पर्यंतच. काट्याची पावती थेट किलोत येत असेल तर एकच डबा ठेवा, पण खाली लगेच उमटू द्या: '१,२०५ किलो, म्हणजे १२ क्विंटल ५ किलो'. संत्र्याचा भाव टनावर बोलतात, सोयाबीनचा क्विंटलवर. म्हणून भावाच्या डब्याला मालाप्रमाणे एकक चिकटलेलं दिसलंच पाहिजे.

साठवताना वजन किलोत आणि रक्कम पैशांत, पूर्णांकच ठेवा. काटा ग्रॅमपर्यंत दाखवत असेल तर ग्रॅममध्ये. जावास्क्रिप्टमध्ये ४.३५ गुणिले १०० केलं की ४३५ येत नाही, ४३४.९९९९९ च्या घरातला आकडा येतो. त्याचे दशांश कापले तर एक पैसा गेला, आणि हिशोबपट्टीत एका पैशाचा फरक दिसला तरी विश्वास उडतो.

अंकांसाठी नंबर प्रकारचा इनपुट वापरू नका. काही ब्राउझरमध्ये त्या डब्यावर फोकस असताना माउसचं चाक फिरलं तर आकडा बदलतो, आणि इंग्रजी 'ई' अक्षरही त्याला चालतं, कारण ते दहाच्या घातांकासाठी असतं. टेक्स्ट इनपुट ठेवा, इनपुटमोड डेसिमल द्या. फोनवर आकड्यांचाच कीबोर्ड उघडेल. मराठी कीबोर्डवरून १२ असे देवनागरी अंक येऊ शकतात आणि जावास्क्रिप्टचं नंबर फंक्शन त्यांना ओळखत नाही. रेग्युलर एक्स्प्रेशनमधला अंकांचा शॉर्टकटही फक्त इंग्रजी अंक जुळवतो. त्यामुळे वाचतानाच देवनागरी अंक इंग्रजीत बदला आणि स्वल्पविराम काढून टाका. दाखवताना भारतीय लोकेल (भाषा-प्रदेशाची सेटिंग) लावा म्हणजे १,२४,५०० असं लाखाच्या गटात येईल. मराठी लोकेलने अंकही देवनागरी होतात. ते हवेत की नकोत हे मुनीमजींना विचारून ठरवा, पण ॲपभर एकच पद्धत ठेवा.

चुका दाखवण्याबद्दल. टाइप करत असतानाच लाल करू नका. डबा सोडला की तपासा, आणि एकदा लाल झाला की दुरुस्त होताक्षणी लाल जाऊ द्या. सेव्हचं बटण निष्क्रिय करून ठेवणं ही वाईट सवय आहे, कारण बटण मेलेलं का आहे ते कोणी सांगत नाही. दाबू द्या, आणि पहिल्या चुकलेल्या डब्यावर फोकस न्या. चूक आणि शंका यांत भेद करा. वजन रिकामं ही चूक, इथे अडवा. भाव कालच्या दहापट ही शंका. 'भाव ४८,००० लिहिलाय, बरोबर आहे का?' एवढं विचारा आणि पुढे जाऊ द्या. बाजारात भाव उसळतात, आणि अशा दिवशी सॉफ्टवेअर अडून बसलं की लोक खोटा आकडा टाकून मोकळे होतात.

आता शेतकऱ्याचं नाव. इथे कॉम्बोबॉक्स, म्हणजे लिहिता लिहिता खाली नावं सुचवणारा डबा. हा पॅटर्न दिसायला सोपा आणि बनवायला सगळ्यात त्रासाचा आहे, म्हणून तयार आणि ॲक्सेसिबिलिटी तपासलेली लायब्ररी घ्या. पुढची काळजी मात्र लायब्ररी घेत नाही.

दोन अक्षरांनंतर शोध सुरू करा, २०० ते ३०० मिलिसेकंद थांबून. उत्तरं उलटसुलट क्रमाने येऊ शकतात: 'वान'चं उत्तर 'वानखे'च्या नंतर पोचलं तर यादी जुनी दिसेल. नवी विनंती पाठवताना जुनी रद्द करा. नावापुढे गाव आणि तालुका दाखवा. एकाच नावाचे चार शेतकरी काटोल, नरखेड, सावनेर आणि कळमेश्वरमधून येतात आणि चुकीच्या खात्यात पैसे गेले तर निस्तरता निस्तरत नाहीत. यादीच्या तळाला नेहमी 'नवीन शेतकरी जोडा' ठेवा, लिहिलेलं नाव सोबत घेऊन. नाहीतर नाव सापडलं नाही की माणूस अर्धी नोंद सोडून दुसऱ्या पानावर जातो.

आणि मराठीचा खास घोळ. कऱ्हाडे हे आडनाव कॉम्प्युटरवर दोन प्रकारे लिहिलं जातं: एक ऱ हे वेगळं अक्षर वापरून, दुसरं साधा र, हलन्त आणि न दिसणारं जोडचिन्ह टाकून. पडद्यावर दोन्ही सारखीच, डेटाबेसला वेगळी. मुनीमजी म्हणतात नाव तर आहे, ॲप म्हणतं नाही. मग तोच शेतकरी दुसऱ्यांदा जोडला जातो आणि उधारी दोन खात्यांत फाटते. उपाय असा की नाव जसं लिहिलं तसं ठेवा, पण शेजारी शोधासाठी वेगळा कॉलम ठेवा. त्यात युनिकोड नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगवेगळी कोड-रूपं एक करणं) करा, ऱ चा र करा, न दिसणारी जोडचिन्हं काढा, ह्रस्व-दीर्घ एक करा, पंडित आणि पण्डित एकाच रूपात आणा. शोधाच्या शब्दावरही हेच संस्कार करा. वानखडे आणि वानखेडे मात्र एक करू नका, ती दोन आडनावं आहेत. दोन्ही यादीत दाखवा आणि निवड माणसावर सोडा.

पावत्यांची यादी. इन्फिनिट स्क्रोल रमत बघण्यासाठी असतो. इथे कोणी रमायला येत नाही, कालची ४३ नंबरची पावती काढायला येतो. पानं करा, तारीख आणि शेतकरी असे दोन फिल्टर वर ठेवा, पावती क्रमांकाला थेट शोध द्या. फिल्टर, क्रम आणि पान क्रमांक पत्त्याच्या ओळीत लिहिले गेले पाहिजेत. मग पावती उघडून मागे आलं की यादी होती तिथेच सापडते, आणि मालकांना व्हॉट्सॲपवर लिंक पाठवली की त्यांनाही तीच यादी दिसते. आकडे उजवीकडे, सारख्या रुंदीच्या अंकांत. तळाला बेरीज देणार असाल तर ती या पानाची की पूर्ण फिल्टरची, हे शब्दांत लिहा. 'एकूण' एवढंच लिहिलं तर एक दिवस कोणीतरी पंचवीस ओळींची बेरीज दिवसाची उलाढाल समजून मालकांना सांगेल.

फोनवर अकरा कॉलमचं टेबल आडवं सरकवायला लावू नका. दोन ओळींची नोंद करा: वर नाव आणि रक्कम, खाली बारीक अक्षरात माल, वजन, भाव.

डिलीटच्या बाबतीत सर्वसाधारण सल्ला असा की विचारत बसू नका, करून टाका आणि 'परत आणा' द्या. अर्धवट मसुद्याला तो लागू आहे. छापलेल्या पावतीला नाही. तिचा क्रमांक गायब झाला की हिशोबात भोक पडतं. म्हणून पावती पुसायची सोयच ठेवू नका. ती रद्द होते, कारण लिहावं लागतं, आणि यादीत खोडलेली दिसते. इथे पुष्टीचा डायलॉग योग्य. फक्त मराठीतला सापळा बघा: इंग्रजी लायब्ररीचं भाषांतर केलं की 'पावती रद्द करायची?' या प्रश्नाखाली दोन बटणं येतात, 'रद्द करा' आणि 'रद्द करा'. एक पावती रद्द करण्याचं, दुसरं डायलॉग बंद करण्याचं. हे बाप्पा, खरंच घडतं. बटणावर पूर्ण क्रिया लिहा: 'पावती रद्द करा' आणि 'राहू द्या'. डायलॉगसाठी ब्राउझरचा स्वतःचा डायलॉग घटक मोडल पद्धतीने उघडा; एस्केपने बंद होणं आणि मागचं पान निष्क्रिय राहणं आयतं मिळतं.

नेटवर्क. शेडखाली मोबाइलचं नेट येतं-जातं हे गृहीत धरूनच चाला. सेव्ह दाबलं, विनंती सर्व्हरला पोचली, पावती झाली, आणि उत्तर परत येताना नेट गेलं. माणूस पुन्हा दाबतो. दोन पावत्या. बटण तात्पुरतं बंद केल्याने हे थांबत नाही, कारण दुसरी दाबणी वेळ संपल्यानंतरची असते. नोंद सुरू होतानाच ब्राउझरमध्ये तिला एक युनिक ओळखक्रमांक द्या, तो प्रत्येक प्रयत्नात तोच पाठवा, आणि डेटाबेसमध्ये त्यावर युनिक इंडेक्स ठेवा, म्हणजे तोच क्रमांक दोनदा साठणार नाही. तोच क्रमांक पुन्हा आला तर सर्व्हरने चूक सांगू नये, आधीच झालेली पावती परत द्यावी. पावतीचा छापील क्रमांक मात्र सर्व्हरनेच द्यायचा.

पडद्यावर यातलं काय चाललंय ते नोंदीशेजारीच दिसू द्या: 'पाठवतोय', 'सेव्ह झाली', 'अडकली, पुन्हा पाठवा'. लाइक बटणासारखं आधी झालं म्हणून दाखवायचं आणि मागून पाठवायचं, ही चलाखी पैशाच्या नोंदीला लावू नका. सर्व्हरचं उत्तर येण्याआधी 'सेव्ह झाली' म्हणणं खोटं आहे. अडकलेली नोंद ब्राउझरच्या इंडेक्स्ड डीबी या साठ्यात ठेवा, टॅब बंद झाला तरी राहील. आणि ब्राउझर 'ऑनलाइन' म्हणतो यावर विसंबू नका. वायफायला जोडलंय आणि पुढे इंटरनेट नाही, तरी तो ऑनलाइनच म्हणतो.

थांबण्याच्या वेळेचं गणित वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी मांडलेलं पुरेसं आहे: ०.१ सेकंदात झालं तर लगेच झालं असं वाटतं, १ सेकंदापर्यंत विचारांची साखळी टिकते, १० सेकंदांनंतर लक्ष उडतं. म्हणून फिरतं चाक ३०० मिलिसेकंद उलटल्यावरच दाखवा. आधीच दाखवलं तर वेगवान पानही लुकलुकतं.

डोळ्यांबद्दल दोन गोष्टी. मे महिन्यात नागपूरचं ऊन ४५ अंशांच्या आसपास असतं आणि काट्यापाशी फोन उन्हातच धरला जातो. पांढऱ्यावर फिका राखाडी मजकूर तिथे दिसतच नाही. वेब ॲक्सेसिबिलिटीचे निकष साध्या मजकुरासाठी ४.५ : १ कॉन्ट्रास्ट मागतात, रंगाच्या कोडचे सहाही अंक ९ असलेला राखाडी २.८५ : १ वरच अडकतो. डब्याच्या आतली फिकी सूचना लेबल म्हणून वापरू नका, टाइप केलं की ती नाहीशी होते. बोटाने दाबायची बटणं निदान ४४ पिक्सेल उंच ठेवा. ॲक्सेसिबिलिटीच्या त्याच निकषांच्या २०२३ मध्ये आलेल्या २.२ आवृत्तीने २४ पिक्सेलची किमान मर्यादा घातली, पण ती खरोखर किमानच आहे.

दुसरी गोष्ट देवनागरीची. इंग्रजीसाठी बनवलेल्या बटणात ओळीची उंची १.२ असते आणि त्यात 'र्की'ची वेलांटी-रफार वरून कापली जाते, 'कृ' खालून. १.५ ते १.७ ठेवा. अक्षरांतलं अंतर वाढवू नका, शिरोरेषा तुटते. इनपुटचा फॉन्ट १६ पिक्सेलपेक्षा लहान असेल तर आयफोनवर सफारी डब्यावर टेकताच पान झूम करतो.

डॅशबोर्ड शेवटी करा, आणि मालकांसाठी करा. आजची आवक, आजची विक्री, येणं किती, बस. मुनीमजींना लॉगिन झाल्याबरोबर आवक नोंदीचा फॉर्म दिसला पाहिजे. मेन्यूत 'ट्रॅन्झॅक्शन' आणि 'मॅनेजमेंट' नको. आवक, लिलाव, पट्टी, उधारी.

कोडमध्ये हे टिकवायचं तर प्रत्येक घटक लिहिण्याआधी त्याच्या अवस्था कागदावर मांडा: रिकामा, लोड होतोय, भरलेला, काहीच सापडलं नाही, चूक झाली, माहिती जुनी आहे. शेतकऱ्यांची यादी पहिल्या दिवशी रिकामी असेल तेव्हा काय दिसेल हे तुम्ही ठरवलं नाही तर पांढरं पान दिसेल आणि लोक ॲप बिघडलं म्हणतील. बरेच पॅटर्न भरलेल्या अवस्थेत छान दिसतात आणि बाकी पाच ठिकाणी उघडे पडतात. कॉम्बोबॉक्स, रकमेचा डबा, वजनाचा डबा आणि नोंदीची स्थिती, हे चार घटक एकदाच नीट लिहा आणि सगळीकडे तेच वापरा.

तपासायला फार काही लागत नाही. जुन्या वहीतल्या वीस ओळी घ्या, माउस काढून ठेवा आणि मुनीमजींना त्या भरायला सांगा. तुम्ही मागे उभे राहा, बोलू नका. ते कुठे थांबले, कुठे मागे गेले आणि कधी वहीकडे पुन्हा बघितलं, एवढंच टिपा. दहाव्या ओळीच्या सुमारास नेट बंद करा, दोन ओळींनी चालू करा. शेवटी पावत्या मोजा: वीसच भरल्या पाहिजेत.